पिवळ्या रंगाआधीची टीप

मी एक जुनी टीप आहे. दोन हजार नऊ साली माझ्यापायी एका बाईला भर खोलीत मान खाली घालावी लागली, आणि त्याच वर्षी माझ्यापायीच तिला ती वरही करावी लागली. ती गोष्ट आज तुम्हाला सांगते.

मित्रांनो, टीप म्हटले की तुम्हाला शिवणाची टीप आठवेल, नाहीतर पुस्तकाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात अंग चोरून बसलेली. मी त्या दोघींची लांबची बहीण. मी राहते संगणकाच्या एका प्रोग्राममध्ये. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची रांग. झडप उघड, थांब, झडप बंद कर. त्या हुकमांच्या अधेमधे माणसे एकमेकांसाठी चार शब्द लिहून ठेवतात, हा हुकूम का दिला, इथे काय जपायचे. अशा ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते. ती खूण दिसली की यंत्र ओळ न वाचता पुढे जाते. म्हणजे ज्या घरात मी जन्मभर राहिले, त्या घरच्या मालकाने माझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिले नाही. मला वाचतात ती फक्त माणसे, आणि तीही अडली म्हणजे.

माझे घर होते कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात. खाली मोठी शेड, तिच्यात वाफाळलेले हौद, आणि छताजवळून गेलेली एक लांब नळी. त्या एकाच नळीतून सगळे रंग हौदात उतरत. वर लाकडी जिना चढून गेले की काचेची खोली, आणि खोलीत संगणक. फाईल उघडली की मला ती खोली दिसे. जिन्याच्या कठड्याला रंगाचे बोट न लागलेली जागा नव्हती. चहाच्या कपांच्या कानांनासुद्धा निळे-तांबडे डाग.

मला लिहिले ते आत्यांनी. त्या कोणाच्या आत्या, असे विचाराल, तर त्यांची सख्खी भाची खाली घड्या घालायच्या खात्यात होती. ती 'आत्या, आत्या' करत डबा घेऊन वर यायची. तिचे ऐकून सगळा कारखानाच त्यांना आत्या म्हणू लागला. पांढऱ्या मिशांचे पहारेकरीसुद्धा. आत्यांनी संध्याकाळचे वर्ग करून संगणक शिकून घेतला होता आणि रंग सोडण्याचा अख्खा प्रोग्राम एकटीने लिहिला होता. हिशेबात पक्क्या, बोलण्यात फटकळ, आणि कोणी काही शंका काढली की ठरलेले उत्तर, "मी करून पाहिलंय."

त्यांचे एकच दुखणे होते, ऱ्हस्व-दीर्घ. वडिलांची फिरतीची नोकरी, दर दोन वर्षांनी नवी शाळा, घरात भाषा निराळी. सगळ्या शाळांतून आत्या पुढे सरकल्या, पण वेलांट्या आणि उकार मागेच राहिले. पहिली की दुसरी हे त्या नाणे उडवून ठरवत असाव्यात, आणि नाणेही बहुधा उलटेच पडत असावे.

एकोणीसशे त्र्याण्णव साली एका रुग्णालयाच्या फिकट पिवळ्या चादरींचे काम आले. आदल्या दिवशी तांबडा रंग गेला होता. नळी एकदा धुतली, पाणी स्वच्छ आले, पिवळा सोडला. नळीच्या बाकात तांबड्याचा थर बसून राहिला होता, तो गरम रंगाने सुटला. सगळ्या चादरी नारिंगी झाल्या. रंगमास्तर, म्हणजे हौदावरचा मुख्य माणूस, भलताच मानी. तो ओल्या चादरी हातात धरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा रडला. आत्या जिना चढून वर आल्या, नळी दुसऱ्यांदा धुवायचा हुकूम प्रोग्राममध्ये घातला आणि त्याच्या डोक्यावर मला लिहिले. जन्मले तेव्हा मी अशी होते:

'पीवळा सोडण्या आधी नळी दोनदा धूवा. एकदा धूऊन भागत नाही, मी धूऊन पाहीलय. चादरी नारींगी झाल्या तेंव्हा मास्तर रडला.'

हसलात ना? हसा. मला सवय आहे.

पुढची कितीतरी वर्षे मी तेच काम केले. कोणीतरी नवा माणूस येई, पाण्याची बचत दाखवायला निघे, दुसरे धुणे खोडायला हात पुढे करी. तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडे. तो आधी हसे, मग वाचे, मग मुकाट्याने हात मागे घेई. चादरी पुन्हा कधी नारिंगी झाल्या नाहीत. पण माझ्याशी कोणी दोन शब्द बोलले नाही. हसण्याचा आवाज मात्र मला पाठ झाला होता. फाईल उघडली की मी आपली आधीच अंग आकसून बसे.

दोन हजार नऊ साली मुख्य कचेरीतून नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना मोठ्याने वाचायची खोड होती. दिसेल ते वाचायचे, पाटी असो की औषधाची बाटली. पहिल्याच दिवशी ते काचेच्या खोलीत आले, आत्यांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिले आणि सुरू झाले.

"पीऽऽवळा! धूऽऽवा! अरे, हे काय आहे? हे लिहिणारा शाळेवरून तरी गेला होता का कधी?"

खोलीतली सगळी हसली. खालून वर आलेले दोघे-तिघे होते, तेही हसले.

"कोणाचं हे?" साहेबांनी विचारले.

आत्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. त्याही हसल्या, जरा उशिराने, पण सगळ्यांपेक्षा मोठ्याने. म्हणाल्या, "असेल आधीचं कोणीतरी."

मित्रांनो, इतकी वर्षे मला माझ्या वेलांट्यांची लाज वाटत आली होती. त्या दिवशी कळले, ती लाज काहीच नव्हती. भर बाजारात आईने आपल्याला पाहून दुसरीकडे तोंड फिरवावे, तसे झाले. आणि तिचाही राग येईना, कारण तोंड फिरवताना तिचे कान लाल झाले होते.

साहेबांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रोग्राम एका नव्या व्यवस्थेत ठेवला. तिच्यात प्रत्येक ओळीशेजारी एक नाव दिसे, त्या ओळीला शेवटचा हात ज्याचा लागला त्याचे. जुन्या ओळी सगळ्या एका दमात भरल्या गेल्या, म्हणून त्यांच्यापुढे नुसते 'कार्यालय' असे उमटले. दुसरी गोष्ट, माल घेणाऱ्यांकडून तपासणीला माणसे येणार होती, तेव्हा सगळ्या टिपांचे शुद्धलेखन सुधारून घ्यायचे फर्मान निघाले.

असल्या कामाला नवा माणूस बसवायची रीतच आहे. टिपा यंत्र वाचत नाही, म्हणजे त्यांत काही चुकले तरी कारखाना बंद पडत नाही. नव्या सुनेला आधी कोथिंबीर निवडायला देतात, तसेच. नुकतीच एक मुलगी कामाला लागली होती. तिचे बोलणे स्वच्छ, लिहिणे त्याहून स्वच्छ. तिला हे काम मिळाले आणि दुसऱ्याच दिवशी तिचे नाव पडले वेलांटी. तीही वस्ताद. कोणी 'ए वेलांटी' म्हटले की विचारायची, "पहिली की दुसरी?"

वेलांटी एकेक फाईल उघडत माझ्यापर्यंत आली. मला वाचून ती हसली नाही. गालावर हात ठेवून बघत बसली. मग कामाला लागली. पीवळ्याचा पिवळा झाला, धूऊनचे धुऊन. टिपेत 'मी' लिहायचे नाही असा नियम तिने कुठेतरी वाचला होता, म्हणून 'मी' गेला. मास्तरांचा एकेरी उल्लेख तिला बरा वाटेना. शेवटी मी अशी झाले:

'पिवळा रंग सोडण्याआधी नळी दोनदा धुवावी. एकदा धुऊन भागत नाही, हे तपासून पाहिले आहे. चादरी नारिंगी झाल्या, तेव्हा रंगमास्तरांना अश्रू अनावर झाले.'

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. इस्त्रीचे कपडे घालून फोटोला बसल्यासारखे वाटले. आता या साहेबांनी खुशाल मोठ्याने वाचावे, अशी ऐट मनात आली.

"आत्या," वेलांटीने मान वळवून विचारले, "ही टीप कोणाची हो?"

"कोणाची का असेना. नीट झाली ना?"

"झाली."

"मग पुढची घे."

थोड्या दिवसांनी कळले की कारखान्याची दुसरी शेड उभी राहणार आहे. तिथे नवी यंत्रे येणार आणि त्यांचा प्रोग्राम पहिल्यापासून लिहावा लागणार. आत्यांना ते काम हवे होते. तोंडाने त्या बोलल्या नाहीत, पण जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या नव्या नळ्यांचा नकाशा स्क्रीनवर आणून बसत. निवृत्त व्हायच्या आधी एकदा, बाक नसलेल्या सरळ नळीवर काम करायचे, एवढीच त्यांची हौस.

साहेब खोलीत आले. नवे काम कोणाला द्यावे हे ठरवायला त्यांनी ओळींशेजारची नावे उघडली. हुकमांपुढे 'कार्यालय', 'कार्यालय'. आणि टिपा जिथे जिथे होत्या, तिथे तिथे वेलांटी.

"वा!" साहेब म्हणाले. "फाईल-न्-फाईल हिच्या हाताखालून गेलीय. आणि लिहिलंय किती छान बघा. 'अश्रू अनावर झाले.' याला म्हणतात भाषा! वेलांटी, दुसऱ्या शेडचं काम तू करायचं."

"साहेब, मी फक्त शुद्धलेखन..."

"तेच तर! सगळा प्रोग्राम वाचल्याशिवाय होतं का ते?" मग त्यांनी आत्यांकडे पाहिले. "आत्या, तुमचं नाव कुठेच दिसत नाही ते? तुम्ही प्रोग्राम नुसता चालवत होतात, नाही का? हे आधीच्या कोणीतरी लिहिलेलं. तुम्हीच म्हणाला होतात."

स्वतःच्याच शब्दांनी आत्यांचे तोंड शिवले होते. "हो," म्हणाल्या. "चालवतेच."

माझी ऐट त्या क्षणी उतरली. माझ्या अंगावर परके नाव होते, आणि अंगातला 'मी' गेला होता. त्या एका शब्दात आत्या होत्या. आता मला उघडून कितीही शोधले तरी त्या सापडल्या नसत्या.

साहेब गेल्यावर वेलांटीने खुर्ची आत्यांजवळ ओढली.

"आत्या, ती टीप तुमची आहे."

"कशावरून?"

"'मी धुऊन पाहिलंय.' तुम्ही परवा डब्यातल्या चटणीबद्दलसुद्धा म्हणालात, मी करून पाहिलंय. असं इथे दुसरं कोण बोलतं? सुधारतानाच मला कळलं होतं. तुम्ही नाही म्हणालात म्हणून गप्प बसले."

"मग आताही गप्प बस," आत्या म्हणाल्या. "तू शिकलेली पोर आहेस. तू कर ते काम. माझ्या धूऊनचे धिंडवडे पुन्हा निघायला नकोत."

"हसतील म्हणून सोडून द्यायचं?"

"तुला कधी कोणी हसलंय का गं लिहिण्यावरून?"

वेलांटीला कोणी हसले नव्हते. हसणाऱ्यांच्या बाजूलाच ती लहानपणापासून बसत आली होती, आणि हे तिला तेव्हाच पहिल्यांदा दिसले असावे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि तिने एक भाबडी गोष्ट केली. तिला वाटले, आपण केलेले सगळे मागे फिरवले की टिपा होत्या तशा होतील, आपले नाव पुसले जाईल, आणि मग साहेबांना शांतपणे सांगता येईल की माझा यात काही हात नाही. तिने सगळे मागे फिरवले. माझ्या अंगावरची इस्त्री गेली, पीवळा आला, धूवा आले, माझा 'मी' परत आला. पण मित्रांनो, मागे फिरवणे हाही हातच. व्यवस्थेच्या लेखी शेवटचा हात तिचाच लागला होता. वेड्यावाकड्या टिपा जशाच्या तशा उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीपुढे नाव आले वेलांटीचे.

तिच्या ध्यानात ते आले तेव्हा जिन्यावर पावले वाजत होती. तपासणीच्या बाई ठरल्या वेळेआधीच आल्या होत्या. पुढे साहेब, मागे रंगाचे नमुने घेऊन रंगमास्तर. आत्या कपाटापाशी उभ्या.

"हे बघा, आमच्या टिपा किती नीटनेटक्या," म्हणत साहेबांनी माझीच फाईल उघडली आणि खोडीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. "पीऽ..."

तिथेच ते थांबले. मान हळूहळू वेलांटीकडे वळली.

"हे काय? तुझं नाव आहे इथे. सुधारायला सांगितलं होतं, तू बिघडवून ठेवलंस? पाहुण्यांसमोर? दुसऱ्या शेडचं काम हिच्या भरवशावर द्यायला निघालो होतो मी!"

वेलांटीने आत्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर चहाडी झाली असती. ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं, साहेब."

जिला कधी लिहिण्यावरून कोणी हसले नव्हते, ती माझ्या उकारांचे ओझे घेऊन भर खोलीत उभी होती. मला वाटले, यंत्र मला ओलांडून जाते तसे या सगळ्यांनीही जावे. पण माणसे टीप ओलांडत नाहीत. ती वाचतातच.

"ते मी लिहिलंय," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"ती ओळ. तिच्या खालचा हुकूम. वरचा. सगळाच्या सगळा प्रोग्राम. तिचा काही संबंध नाही."

"पण तुम्हीच तर म्हणालात, आधीचं कोणीतरी..."

"म्हणाले. तुम्ही सगळे हसत होतात ना. मीपण हसले. लाज वाटली, साहेब. अजून वाटतेय." त्या वेलांटीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "पण त्या पोरीला ओरडू नका. चुका माझ्या आहेत."

साहेबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले.

तेवढ्यात रंगमास्तरने खाकरून घसा साफ केला. "साहेब, आत्या बोलतात ते खरं आहे. मी तिथंच होतो. म्हणजे, मी रडलो होतो ते पण खरं आहे." मग आत्यांकडे वळून हळूच म्हणाला, "आत्या, एवढं उघड झालंच आहे, तर माझं रडणं तेवढं गाळता येईल का?"

"नाही," आत्या म्हणाल्या.

तपासणीच्या बाई खुदकन हसल्या आणि मग सगळेच. ते हसणे मला टोचले नाही. त्यात आत्याही होत्या, आणि या वेळी उशिराने नव्हत्या.

पाहुणे खाली गेल्यावर आत्या खुर्चीत बसल्या. "ये गं," त्यांनी वेलांटीला बोलावले. "तू हात लावायचा नाही. नुसतं सांगायचं. पिवळा?"

"पहिली."

"धुवा?"

"पहिला उकार. आत्या, 'मी' राहू दे."

"तो मी काढतच नव्हते. तूच काढला होतास."

"नियम होता."

"असेल. मी न लिहून पाहिलंय. भागत नाही."

एकेक अक्षर दाबत आत्यांनी मला सुधारले. कुठे अडले की ओठ हलत, शाळेतल्या मुलीचे हलतात तसे. शेवटी मी अशी झाले, आणि आजही अशीच आहे:

'पिवळा सोडण्याआधी नळी दोनदा धुवा. एकदा धुऊन भागत नाही, मी धुऊन पाहिलंय. चादरी नारिंगी झाल्या तेव्हा मास्तर रडला.'

आणि माझ्या शेजारी नाव उमटले ते आत्यांचे.

पुढे कोणाचे काय झाले ते सांगते. दुसऱ्या शेडच्या कामाची चिठ्ठी वेलांटीच्या नावाने मुख्य कचेरीत आधीच गेली होती, ती फिरली नाही. साहेबांनी लिहून पाहिले, उत्तर आले नाही. म्हणून कागदावर प्रमुख वेलांटी राहिली आणि तिच्या हाताखाली आत्यांनी नवा प्रोग्राम लिहिला. आत्या म्हणत, "चालतं गं, ओळीशेजारी मीच आहे ना." पण ते म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत. सरळ नळीतून पहिला पिवळा उतरला, तो पाहायला मात्र त्या धावत खाली गेल्या. निवृत्त झाल्यावर त्या भाचीकडे राहायला गेल्या. तिथून वेलांटीला निरोप पाठवत, उकार जिकडे तिकडे उधळलेले. वेलांटीने एकदा चिडवले, तर उलट उत्तर आले, 'मी पेन्शनित आहे, माझ्या वेलांट्या पण.' दोन वर्षांपूर्वी आत्या गेल्या.

रंगमास्तरने धाकट्या भावाबरोबर शिंप्याचे दुकान काढले. चादरींची गोष्ट आता तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो, आणि दर वेळी थोडा जास्त रडतो. साहेबांची बदली झाली. जाईपर्यंत त्यांची मोठ्याने वाचायची खोड सुटली नाही, फक्त वाचायच्या आधी ते विचारू लागले, "हे लिहिणारं माणूस खोलीत आहे का?" वेलांटी आता सगळ्या विभागाची मोठी बाई आहे. नव्या माणसाला ती आजही पहिले काम टिपा सुधारण्याचेच देते. पण एकट्याला नाही. लिहिणाऱ्याला शेजारी बसवते, आणि कीबोर्ड लिहिणाऱ्यापुढे ठेवते.

माझी जुनी नळी भंगारात गेली. मी ज्या फाईलमध्ये राहते, ती 'जुने' असे नाव दिलेल्या कप्प्यात पडून असते. तिथे दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही. कधीतरी वेलांटी ती उघडते, कोणा नवख्याला दाखवायला, आणि काचेच्या खोलीतला उजेड माझ्यावर पडतो.

मित्रांनो, तुम्ही शुद्ध लिहा. अशुद्ध लिहिण्यात काही मोठेपणा नाही, आणि मी तर आता शुद्धच आहे. पण दुसऱ्याचे लिहिणे नीट करायला बसाल तेव्हा त्याला शेजारी बसवा. आणि तुमच्या लिहिण्याला कोणी हसले, तर त्याला 'दुसऱ्या कोणाचे' म्हणू नका. ते बिचारे ऐकत असते.

वेलांटीने परवाच फाईल उघडली होती. शेजारी नुकताच लागलेला एक मुलगा होता. त्याने मला वाचले आणि विचारले, "'मी' म्हणजे कोण?"

वेलांटीने माझ्या शेजारच्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.